कोलायटिसच्या धास्तीसाठी सीबीटी : माझा अनुभव

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होऊन रक्ताचे जुलाब आणि अचानक संडासची घाई लागणारा दीर्घ आजार. औषधांनी रक्त थांबलं, पण बाहेर पडायची धास्ती गेली नाही, म्हणून गॅस्ट्रोंच्या (पोटाच्या डॉक्टरांच्या) सल्ल्याने सीबीटी घेतली, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी. या आजारात ती जरा वेगळ्या तऱ्हेने करावी लागते.

आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावं. रक्तक्षयाचा थकवा नैराश्यासारखाच दिसतो, आणि तो बोलून जात नाही. प्रेडनिसोलोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) चालू असेल तर तेही सांगावं. त्याने झोप उडते, मन बिथरतं. मात्र ते मनाने अचानक बंद करायचं नाही.

सुरुवातीला दोन फॉर्म भरून घेतात : नैराश्यासाठी पीएचक्यू-९, चिंतेसाठी जीएडी-७. पहिल्यात २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर नैराश्याची नीट तपासणी करतात. पण त्यात झोप, थकवा, भूक यांचेही प्रश्न असतात. रात्री संडासला उठावं लागणाऱ्याचे गुण तिथेच चढतात. म्हणून नुसती बेरीज न बघता कुठल्या प्रश्नाला किती गुण, हे सोबत बसून बघायला सांगावं. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर त्याच दिवशी बोलायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही.

पुढे आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास, साधारण ८ ते १६ सेशन. घरी वही ठेवायची : घाई कधी लागली, मनात काय आलं, भीती शंभरपैकी किती, प्रत्यक्षात काय झालं.

खरी मेख इथे आहे. ‘कपडे खराब होतील’ हा विचार आपल्या बाबतीत खोटा नसतो. अनेकांचं तसं झालेलं असतं. ‘काही होणार नाही हो’ असं समजावणारा थेरपिस्ट उपयोगाचा नाही. ‘झालंच, तर पुढचा अर्धा तास काय कराल?’ असं विचारणारा हवा. त्यातून जादा कपडे, वेट वाइप्स आणि पिशवी एवढं सामान ठरतं, आणि ते जवळ ठेवायला हरकत नाही. सोडायच्या त्या बाकीच्या सवयी : निघण्याआधी उपाशी राहणं, पाणी न पिणं, पुन्हा पुन्हा संडासला जाऊन येणं, भीतीपोटी लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) घेणं. आतडं जोरात सुजलेलं असताना ती गोळी धोक्याचीही ठरते.

मग भीतीला थोडं थोडं सामोरं जायच्या पायऱ्या. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसतं, त्यामुळे आधी दुपारच्या स्लो लोकलने एक स्टेशन, मग चार, मग मधली स्टेशनं सोडणारी फास्ट. भीती निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी पुन्हा करायची. श्वासाचा सराव घरी, शांत असताना : चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, रोज दहा मिनिटं. ऐन घाईत पहिल्यांदा करून बघितला तर जमत नाही.

फ्लेअर असेल, म्हणजे आजार पुन्हा उसळला असेल, तर पायऱ्या थांबवायच्या आणि सेशन फोनवर घ्यायचं. रक्त, ताप, वजन घटणं, रात्री पोट जागं करणं, ही लक्षणं भीतीची नव्हेत, गॅस्ट्रोंकडे जायचं. शंका असेल तर आतड्याची सूज ओळखायला शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करतात : ५० च्या आत असेल तर सूज असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर गेली तर बऱ्यापैकी जास्त. थेरपी आतड्याची सूज उतरवत नाही, म्हणून मेसालामीन (सूज आवरणारं औषध) चालूच ठेवायचं.

शेवटची सेशन पंधरा दिवसांच्या अंतराने घ्यावीत आणि त्यांत एक कागद लिहून घ्यावा : पुढचा फ्लेअर आला तर कोणाला फोन करायचा, कोणती पायरी सोडायची आणि बरं वाटल्यावर कुठून पुन्हा सुरू करायचं.