बावीस दिवस बंद फोन आणि ५८८ रुपये ८२ पैसे

अण्णांचा फोन बंद पडला ६ जून २०२३ ला, मंगळवारी. सुरू झाला २७ तारखेला, आषाढीच्या दोन दिवस आधी. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात जूनचं बिल आलं ते पूर्ण महिन्याचं, एक पैसाही कमी नाही. या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली, तरी ते बिल आठवलं की माझं डोकं तापतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आई-अण्णा साताऱ्यात दोघंच असतात, मी ठाण्यात. घरचा लँडलाइन नंबर मी शाळेत असल्यापासूनचा आहे, पुढचे आकडे तेवढे वाढत गेले. बँक, पेन्शन, डॉक्टर, गावाकडची भावकी, सगळ्यांकडे तोच नंबर. अण्णांना मोबाइलवर धड ऐकू येत नाही, लँडलाइनचा रिसीव्हर कानाला लावला की येतं. त्यामुळे तांब्याची तार काढून फायबर टाकलं तेव्हा आमची एकच अट होती, नंबर बदलायचा नाही. नंबर राहिला. पण फोन आता इंटरनेटवरून चालणार, म्हणजे नक्की काय होणार, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. जुन्या तारेतून एक्सचेंजच्या बॅटरीची ४८ व्होल्टची वीज यायची, त्यामुळे घरातली लाईट गेली तरी फोन वाजायचा. फायबरमधून नुसता प्रकाश येतो. लाईट गेली की भिंतीवरचा फायबरचा डबा (मोडेम) बंद, आणि डबा बंद की फोनही बंद. त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते बघून घ्या, आमचा १२ चा आहे.

जूनमध्ये मात्र लाईटीचा संबंध नव्हता. पावसाआधी गटाराचं काम काढलं होतं, जेसीबीने बोळाच्या तोंडाशी केबल तोडली. डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लुकलुकायला लागला. तो दिवा लाल झाला की डबा बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका. बाहेरून प्रकाशच पोचत नसतो, घरात काहीही करून उपयोग नाही.

मी ठाण्याहून त्याच दिवशी तक्रार नोंदवली. नंबरचा मेसेज आला. गुरुवारी संध्याकाळी दुसरा मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. मला बरं वाटलं. अण्णांच्या नंबरवर फोन लावला, तर लागेना. आईच्या मोबाइलवर केला, ती म्हणाली, “अगं, दिवा लालच आहे. कुणी फिरकलं पण नाही.”

परत तक्रार. परत दोन दिवसांनी निवारण. परत तक्रार. बावीस दिवसांत नऊ तक्रारी झाल्या आणि नऊही त्यांनीच बंद केल्या. प्रत्येक वेळी कॉल सेंटरवरची मुलगी तेच म्हणायची, “मॅडम, सिस्टीममध्ये प्रॉब्लेम सॉल्व्ह झालेला दिसतोय.” मी म्हणायचे, अहो, सिस्टीममध्ये दिसत असेल, आमच्या घरात दिसत नाही. तिचा काही दोष नव्हता, तिच्यासमोर जे लिहिलंय ते ती वाचत होती. पण मग लिहीत कोण होतं?

ते कळलं पाचव्या तक्रारीला. मी हट्टच धरला की तक्रार बंद करताना काय शेरा मारलाय तो मला वाचून दाखवा. तिने वाचला: ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही. कुठल्या नंबरवर संपर्क केला, विचारलं. तिने नंबर सांगितला. तो अण्णांचाच लँडलाइन नंबर होता! फायबरचा फॉर्म भरताना संपर्काच्या रकान्यात अण्णांनी सवयीने घरचाच नंबर लिहिला होता. म्हणजे बंद पडलेल्या फोनवर फोन करायचा, कुणी उचलत नाही म्हणून तक्रार बंद करायची, आणि मेसेज पाठवायचा की निवारण झालं. मी त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले होते, रागाने.

तुमच्या घरी असं कनेक्शन असेल तर आज उठून एवढं बघाच, संपर्काचा नंबर मोबाइल आहे ना? मी त्याच फोनवर तो बदलून घेतला. त्यानंतरही चार तक्रारी तशाच बंद झाल्या, पण निदान लाइनमनचा फोन यायला लागला. शेवटी तो २६ ला आला, मीटर लावून बघितला आणि मला म्हणाला, “ताई, पॉवरच येत नाय. जॉइंट मारायला मशीन लागतंय, ते उद्या मिळंल.” पॉवर म्हणजे वीज नव्हे, फायबरमधून येणारा प्रकाश. दुसऱ्या दिवशी मशीन आणून अर्ध्या तासात त्याने जॉइंट मारला. अर्ध्या तासाचं काम!

आता बिल. ४९९ भाडं, १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे. तेव्हाचा ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम असा होता: लँडलाइनचा बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर सात दिवसांचं भाडं माफ, सात दिवसांच्या वर गेला तर पंधरा दिवसांचं आणि पंधरा दिवसांच्या वर गेला तर पूर्ण महिन्याचं. (१ ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम लागू झालेत, तुम्ही ते बघून घ्या.) मी भाडं माफ करा म्हणून लिहिलं. उत्तर आलं की तुमची एकही तक्रार तीन दिवसांपेक्षा जास्त पेंडिंग नव्हती, त्यामुळे सवलत लागू होत नाही.

हे उत्तर मी तीनदा वाचलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बिघाड एकच, पण दर दोन दिवसांनी तक्रार बंद करून नवी उघडल्यामुळे कागदावर दोन-दोन दिवसांचे नऊ बिघाड झाले होते. बावीस दिवस कुठे दिसतच नव्हते.

रागाच्या भरात मी बिल भरायचं नाही असं ठरवलं. ती माझी चूक. मुदत उलटल्यावर त्यांनी आउटगोइंग बंद केलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात अण्णांचं बीपी वाढलं. आईने शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून डॉक्टरांना फोन केला. मी त्याच रात्री पूर्ण पैसे भरले. तुम्हीही आधी भरा, मग भांडा. भरल्याने हक्क जात नाही.

ट्राय एकट्यादुकट्याची तक्रार घेत नाही, तिथे लिहिण्यात मी एक आठवडा घालवला. कंपनीतच वर अपिलाची सोय असते, अपीलेट अथॉरिटी म्हणतात. पत्ता आणि ईमेल त्यांच्या वेबसाइटवर असतो, फी नाही. अपील तक्रार बंद झाल्यापासून ३० दिवसांत करायचं आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. मी अपिलात एकच मुद्दा धरला, नऊ तक्रारी नव्हेत, बिघाड एक. पुरावे दोन जोडले. एक, कंपनीच्याच पोर्टलवरचं डेटा वापराचं पान, ६ ते २७ जूनपर्यंत शून्य. दुसरा अण्णांचा. आई ज्या कालनिर्णयवर दुधाचे लिटर मांडते, त्याच्याच चौकोनांत अण्णांनी रोज पेन्सिलीने ‘फोन बंद’ लिहिलं होतं, आणि मी सांगेन तो तक्रार नंबर त्याच्याखाली, बारीक, सरळ रेषेत. त्यांनी आयुष्यभर हिशेब ठेवले, ते अक्षर मी कुठेही ओळखेन. त्या पानाचा फोटो काढून पाठवला.

याच काळात ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं होतं की फोनच्या बिलाचं ग्राहक न्यायालयात चालत नाही. २००९ च्या एका निकालामुळे बरीच वर्षं तसं मानलं जायचं, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालतं असं स्पष्ट केलंय. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. मी अपिलाच्या शेवटी ते एक वाक्य घातलं.

चौतिसाव्या दिवशी उत्तर आलं. बिघाड सलग धरला, महिन्याचं भाडं करासकट पुढच्या बिलात वळतं केलं. अण्णांना फोन केला, आकडा सांगितला. ते म्हणाले, “थांब, लिहून घेतो.”

केबल तुटली तेव्हा बोळातल्या सगळ्या घरांचे फोन गेले होते. पैसे आम्हालाच मिळाले. काकूंनी लाइनमनला दहा वेळा रस्त्यात गाठून सांगितलं होतं, पण तक्रार एकदाही नोंदवली नव्हती. त्या मला विचारायला आल्या तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला एकही नंबर नव्हता.