धातू आणि आम्ल: वही नायट्रिकपर्यंत आली

मंडळी, धातू-आम्लांच्या अभिक्रियांची समीकरणं मी एका वहीत जुळवतोय, त्यातली हायड्रोक्लोरिक आम्लाची पानं भरली. जस्त आणि मॅग्नेशिअममध्ये फारसं काही नाही: एका धातूला दोन आम्ल, एक क्षार, एक हायड्रोजन. ॲल्युमिनिअमची संयुजा, म्हणजे एक अणू किती इलेक्ट्रॉन देतो तो आकडा, तीन, म्हणून २ ॲल्युमिनिअम + ६ हायड्रोक्लोरिक आम्ल → २ ॲल्युमिनिअम क्लोराइड + ३ हायड्रोजन.

लोहापाशी मात्र थांबावं लागतं. ॲल्युमिनिअमच्या जागी लोह आणि क्षाराच्या जागी फेरिक क्लोराइड (एका लोहाला तीन क्लोरीन) लिहिलं, तरी अणू चोख जुळतात. पण विरल, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या आम्लात तसं घडत नाही. तयार होतं फेरस क्लोराइड (एका लोहाला दोन क्लोरीन), आणि प्रमाण जस्तासारखंच. समीकरण जुळणं वेगळं, अभिक्रिया घडणं वेगळं. माझं ठाम मत आहे की आधी काय तयार होतं ते पक्कं करावं, आकड्यांना मग हात घालावा.

परभणीत आमच्या घरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब अजून आहे. सणासुदीला आई तो चिंचेच्या कोळानं घासते. काळा थर बघता बघता जातो आणि खालचं लालसर तांबं उघडं पडतं, पण बुडबुडा एकही येत नाही. तांबं हायड्रोजनपेक्षा कमी क्रियाशील, त्याला आम्लातून हुसकावू शकत नाही. चिंचेतलं टार्टारिक आम्ल फक्त वरच्या कॉपर ऑक्साइडला खातं: एक ऑक्साइड, एक आम्ल, एक कॉपर टार्टरेट, एक पाणी. आत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसलाय, त्यावर लिंबू पिळलं की फसफसतं. तो कार्बन डायऑक्साइड, धातूचा त्यात काही संबंध नाही.

आता नायट्रिक आम्ल. हे सगळं कागदावरच करायचं, त्यातून निघणारा तपकिरी वायू विषारी असतो. इथं तांब्यावरही अभिक्रिया होते, कारण इलेक्ट्रॉन घेतो तो नायट्रोजन. नुसते अणू मोजत बसलं की घोळ होतो, कारण आम्लाला दोन कामं असतात: काही रेणूंचा वायू होतो, काही नायट्रेट म्हणून क्षारात जातात. म्हणून इलेक्ट्रॉनचा जमाखर्च आधी. तांबं दोन देतं. विरल आम्लात नायट्रोजनचा ऑक्सिडेशन अंक, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जमाखर्चाचा आकडा, +५ वरून +२ वर येतो, म्हणजे नायट्रोजन तीन इलेक्ट्रॉन घेतो. हिशेब सहावर जुळतो: ३ तांबं, २ नायट्रिक ऑक्साइड. तीन तांब्यांना सहा नायट्रेट लागतात, वायूचे दोन धरून आम्ल आठ. आठ हायड्रोजनचं पाणी चार. ऑक्सिजन तपासला: डावीकडे २४, उजवीकडे १८ + २ + ४. बसलं!

संहत, म्हणजे तीव्र आम्लात नायट्रोजन एकच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून १ तांबं + ४ नायट्रिक आम्ल → १ कॉपर नायट्रेट + २ नायट्रोजन डायऑक्साइड + २ पाणी. अतिविरल आम्लात जस्त टाकलं तर नायट्रोजन थेट −३ पर्यंत उतरतो आणि अमोनिअम नायट्रेट बनतं: ४ जस्त, १० आम्ल, ४ झिंक नायट्रेट, १ अमोनिअम नायट्रेट, ३ पाणी. या वहीतलं माझं सगळ्यात आवडतं समीकरण हेच.

पुढचं पान कल्हईच्या कथिलाचं. संहत नायट्रिक आम्लात कथील चार इलेक्ट्रॉन देतं आणि नायट्रेट उरतच नाही, पांढरं मेटास्टॅनिक आम्ल तळाशी बसतं. म्हणजे चारही नायट्रोजन वायूत. मेटास्टॅनिक आम्लाचं सूत्र एच-टू-एस-एन-ओ-थ्री धरून पाणी किती येतं, तुम्हीही काढून बघा.