तुम्ही विचारलंत म्हणून: हल्ली ऐकण्यासारखं काही येतं का?

रॅपही ऐकता, पॉपही ऐकता, मधेच रॉकपण, मग तुम्हाला नक्की आवडतं काय, आणि हल्लीच्या अल्बमांत खरंच काही दम असतो का, हे मला इतक्यांनी विचारलंय की आता एकदाच नीट सांगून टाकते. एरवी मी दोन नावं फेकून मोकळी होते, आणि समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या वेळी परत तेच विचारतो.

आधीच सांगते, मला संगीतातलं काही कळत नाही. दिवे मालवून, डोळे मिटून, हेडफोन लावून ऐकणाऱ्यातली मी नाही. मी ऐकते ते भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना, म्हणजे अर्ध्या कानाने. त्यामुळे माझी कसोटी एकच, हातातलं काम थांबलं का? थांबलं तर अल्बम बरा, आणि नाही थांबलं तर ग्रॅमी मिळालेलं असो नाहीतर नसो, माझ्यासाठी तो पंख्याचा आवाज.

रॅपपासून सुरू करू कारण टोमणे त्यावरूनच जास्त बसतात. 2024 मध्ये केंड्रिक लामार आणि ड्रेक या दोन रॅपरांचं भांडण इतकं गाजलं की माझ्यापर्यंतसुद्धा पोचलं, आणि त्यातलं केंड्रिकचं 'नॉट लाइक अस' हे गाणं तर सगळीकडेच वाजत होतं (पुढे त्याला पाच ग्रॅमी मिळाले). मग नोव्हेंबरमध्ये केंड्रिकने काही न सांगता न सवरता 'जीएनएक्स' हा अल्बम आणला, तर मी ते गाणं ऐकायला म्हणून तो लावला, आणि ते गाणं त्यात नाहीच! वर सुरुवातीलाच एक बाई स्पॅनिशमध्ये गायला लागल्या, मला वाटलं चुकून भलतंच काहीतरी लागलं, ओले हात पुसून फोन बघितला तर अल्बम बरोबर होता. त्या डेरा बरेरा, मारियाची, म्हणजे मेक्सिकोचं पारंपरिक संगीत, गाणाऱ्या. म्हणजे पहिल्याच मिनिटाला काम थांबलं, आता याला मार्क द्यायचे की नाही तुम्हीच सांगा. बारा गाणी, पाऊण तासात खेळ खलास. 'टीव्ही ऑफ'मध्ये मधेच बीट बदलतो आणि तो त्या बीटवाल्याचं, मस्टर्डचं, नाव घेऊन जो काही ओरडतो ना, तिथे मीपण ओरडते, घरच्यांना सवय झालीये.

शब्द कळतात का? निम्मे नाही कळत. कोण कोणाला काय बोललं, कुठल्या जुन्या गाण्याला चिमटा काढला, ते सगळं माझ्या डोक्यावरून जातं, आणि आधी लिरिक्स वाचून मग ऐकायचं हे मला शब्दकोड्याची उत्तरं आधी बघण्यासारखं वाटतं. पण कधी कधी न कळूनही कळतं. क्लिप्स म्हणजे दोन भाऊ, पुशा टी आणि मॅलिस, त्यांचा 'लेट गॉड सॉर्ट एम आउट' 2025 मध्ये आला, आधीच्या अल्बमनंतर तब्बल सोळा वर्षांनी. मी आपली घड्या घालत होते, म्हटलं असेल नेहमीचं, आम्ही किती भारी वगैरे, आणि पहिल्याच गाण्यात एक भाऊ गेलेल्या आईशी बोलतोय आणि दुसरा गेलेल्या वडिलांशी. एक चादर अर्धवट घडी होऊन तशीच मांडीवर राहिली. बाकीच्या अल्बममध्ये आहे तो तोरा, आणि तो त्यांना जमतोही, पण मी तो परत लावते ते त्या पहिल्या गाण्यासाठी. टायलर द क्रिएटरच्या 'क्रोमाकोपिया'त पण त्याची आई मधे मधे बोलत राहते, तोही मला आवडला. रॅपमध्ये आईचा आवाज आला की मी विरघळते, हा माझा वीकनेस समजा.

पॉपमध्ये माझं मत जरा भांडण लावणारं आहे. टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' एप्रिल 2024 मध्ये आला, सोळा गाणी, ठीक, आणि दोन तासांनी अजून पंधरा! एकतीस गाणी म्हणजे दोन तासांच्या वर. अहो, माझी भांडी संपली, ओटा पुसून झाला, तरी त्या मुलाने तिचं मन मोडलेलंच आहे. प्रत्येक गाण्याचं स्ट्रीमिंग मोजलं जातं, म्हणून जितकी गाणी जास्त तितका आकडा फुगतो हे मला समजतं, पण त्यात चांगली आठ-दहा गाणी गर्दीत हरवली त्याचं काय. मग 2025 चा 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल' फक्त बारा गाण्यांचा आला, मी खूश, आणि तो मला पातळ वाटला. आता हसा.

त्याच्या उलट बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट', दहाच गाणी, एकही आधी सोडलेलं नाही, एका दमात ऐका म्हणून दिलेलं. तिचं ते फ्रेंच नावाचं गाणं आहे ना, 'लामूर द मा व्ही', हळूवार चाललेलं असतं आणि मधेच असं पलटतं की मला वाटलं पुढचं गाणं लागलं. तेच होतं. चार्ली एक्ससीएक्सच्या 'ब्रॅट'वर मात्र मी अन्याय केला होता. त्या पोपटी कव्हरचा इतका गाजावाजा झाला की मी ठरवूनच टाकलं, पार्टीतला धांगडधिंगा, आपलं काम नाही. चार-पाच वेळा वाजूनही माझं मत तेच होतं. मग एकदा लक्ष गेलं की त्या सगळ्या नाचगाण्यात एक गाणं, मूल व्हावं का, वेळ निघून तर जात नाहीये ना, असल्या विचारांचं आहे, आणि एक गेलेल्या मैत्रिणीसाठी, सोफी नावाच्या संगीतकारासाठी. अर्ध्या कानाचा तोटा हा असा.

रॉक संपलं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, वेळ नाही. फाँटेन्स डीसी या आयरिश बँडचं 'स्टारबर्स्टर' लावा. त्यात गायक मधे मधे असा जोरात श्वास ओढतो की पहिल्यांदा मी मागे वळून बघितलं, खोलीत कुणाला धाप लागली की काय. पॅनिक अटॅकवरून सुचलेलं गाणं आहे ते, नंतर कळलं.

आणि द क्युअर हा जुना बँड. 2008 च्या अल्बमनंतर थेट 2024 मध्ये 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ पासष्ट वर्षांचा, आणि गाणी आठ. पहिलं गाणं लागलं, नुसतं वाजतंय, वाजतंय, मी विसरूनही गेले की काही लावलंय, आणि तीन मिनिटं होऊन गेल्यावर त्याचा आवाज येतो, आणि तो तसाच आहे हो, इतक्या वर्षांनी तसाच! नळ सुरू होता, बंद करायचं भान नाही. आत एक गाणं त्याच्या गेलेल्या भावाबद्दल आहे, ते मी सहसा एकटी असतानाच ऐकते. शेवटचं तर दहा मिनिटांच्या वर, त्यात त्याचा आवाज यायला सहा मिनिटांहून जास्त लागतात. बाकी सगळ्या अल्बमांना मी कामातून कान देते, याच्यासाठी मात्र भांडी आधी उरकून ठेवते.