वय वर्षे 66, तरी पुरावा दाखवा

ब्रिटनमध्ये प्रीपेड सिम घ्यायला काहीच लागत नाही. आधार नाही, फोटो नाही, अंगठा नाही. सुपरमार्केटात च्युइंगमच्या शेजारी सिमची पाकिटं टांगलेली असतात. एक उचलायचं, पैसे द्यायचे आणि फोनमध्ये घालायचं. 2025 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लीड्सला लेकीकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलो, तेव्हा मी असंच एक सिम घेतलं आणि आपल्याकडची केवायसी आठवून तिथल्या कारभाराचं तोंडभरून कौतुक केलं. जावई फक्त हसले.

त्या हसण्याचा अर्थ मागाहून कळला. सिम घेताना ओळख विचारत नाहीत, म्हणजे ते कुणाच्या हातात आहे हे कंपनीला माहीत नसतं. म्हणून ती प्रत्येकाला आधी अल्पवयीन धरते. ‘प्रौढांसाठी’ या सदरात बसणारं सगळं इंटरनेट त्या नंबरवर पहिल्या दिवसापासून बंद असतं. उघडून हवं असेल तर आपण 18 वर्षांचे आहोत हे सिद्ध करा.

आता मला प्रौढांसाठीचं काय हवं होतं, ते सांगून टाकतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. व्हिस्की पितो बेताची, तिच्याबद्दल वाचतो मात्र भरपूर. जावयांनी स्कॉटलंडमधल्या आयला बेटावर जायचा बेत आखला होता. तिथल्या व्हिस्कीला जो धुराचा वास असतो तो पीटचा, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा. मोड आलेलं बार्ली या मातीच्या धुरावर वाळवतात आणि धुरातली फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल ही वासाची रसायनं दाण्यांना चिकटतात. तिथल्या धुरकट व्हिस्कीसाठी वापरलेल्या दाण्यांत फिनॉलचं प्रमाण साधारण 35 ते 55 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग, असतं. एका हौशी माणसाने या सगळ्यावर, तांब्याच्या भट्ट्यांच्या आकारापासून पिंपांच्या लाकडापर्यंत, साइट लिहिली आहे. ती मी घरी बसून निम्मी वाचली होती. उरलेली बसमध्ये वाचू म्हटलं तर उघडेना.

घरी उघडते, बसमध्ये नाही. बाकी सगळं बसमध्येही व्यवस्थित चालतं, व्हॉट्सअॅप, नकाशे, आपल्याकडची वर्तमानपत्रं. लेकीला वाटलं फोनच बिघडला. पडद्यावर ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ अशा धर्तीचं काहीतरी यायचं, त्यावरून मला वाटलं त्या बिचाऱ्याच्या साइटला व्हायरस लागला. शेवटी जावयांनी उलगडा केला. घरी वायफाय असतं, म्हणजे ब्रॉडबँड कंपनीचं इंटरनेट, आणि त्याचे नियम वेगळे. बाहेर पडलं की मोबाइल कंपनीचं. फिल्टर तिचा. हल्ली बहुतेक साइट एचटीटीपीएसवर असल्यामुळे वाहतूक बंद लिफाफ्यात चालते. मोबाइल कंपनीला आतला मजकूर दिसत नाही, फक्त साइटचं नाव दिसतं. त्या नावावरून ती रस्ता अडवते, पण ‘आम्ही अडवलं’ ही स्वतःची पाटी त्या जागी धड लावता येत नाही. ब्राउझरला मधे कुणी तिसरा आलेला कळतो आणि तो धोक्याचा इशारा देतो. एचटीटीपीएस नसलेली एक जुनाट साइट त्यांनी मुद्दाम उघडून पाहिली, तेव्हा कंपनीची पाटी नीट दिसली: हा मजकूर 18 वर्षांवरील ग्राहकांसाठी आहे, आपलं वय सिद्ध करा.

“अहो, बसमध्ये काय उघडत होतात तुम्ही?” आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या. फिनॉलबद्दल सांगितलं. पटलं की नाही, देव जाणे.

हा काही सरकारी कायदा नव्हता, याचं मला नवल वाटलं. 2004 साली, थ्रीजी आणि रंगीत पडद्याचे फोन मुलांच्या हाती येऊ लागले तेव्हा, तिथल्या मोबाइल कंपन्यांनी मिळून आपणहून एक आचारसंहिता केली. संसदेने काही करायच्या आत आपणच करू, असा हिशेब असावा. काय प्रौढांसाठी आणि काय नाही याची चौकट 2013 पासून बीबीएफसी ठरवते. ही 1912 पासून सिनेमांना प्रमाणपत्र देणारी तिथली संस्था, आपल्या सेन्सॉर बोर्डासारखी. फरक असा की सिनेमा कुणीतरी बसून बघतं. साइट कोट्यवधी, त्या कोण वाचणार? त्यांची वर्गवारी यंत्र करतं आणि कंपन्या त्या याद्या वापरतात. अश्लील चित्रं, हिंसा, जुगार, अमली पदार्थ असे खण असतात. यंत्राने माझ्या साइटवर ‘अल्कोहोल’ शब्द शेकडो वेळा वाचला असणार आणि टाकली एका खणात. क्रेसॉल त्याला कुठून कळणार!

आपल्याकडे याच्या बरोबर उलट. सिमसाठी सगळी कुंडली मांडावी लागते, पण वयावरून साइट अडवत नाहीत. 2018 साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दूरसंचार खात्याने 827 साइट बंद करायला सांगितल्या, त्या सगळ्यांनाच. ग्राहक 18 चा असो की 80 चा.

असो. वय सिद्ध करायला बसलो. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे क्रेडिट कार्ड. डेबिट चालत नाही, कारण तिथे शाळकरी मुलांनाही डेबिट कार्ड मिळतं. क्रेडिट कार्ड मात्र 18 च्या आतल्या कुणाला देता येत नाही. किरकोळ रक्कम कापतात, ती परत देतात. म्हणजे तपासतात ते कार्ड, वय नाहीच. माझं क्रेडिट कार्ड भारतातलं, आणि अर्जात ब्रिटिश पोस्टकोड हवा. लेकीचा पत्ता घातला तर कार्डाच्या पत्त्याशी जुळेना. नाकारलं. सहा महिन्यांच्या पाहुण्याला तिथलं बँक खातं मिळण्याचीच मारामार, क्रेडिट कार्ड कुठून आणणार?

“बाबा, माझं कार्ड टाका ना,” लेक म्हणाली. त्यात दोन अडचणी होत्या. एक तर त्याने लेकीचं वय सिद्ध झालं असतं, माझं नव्हे. दुसरी, आणि खरं तर हीच मोठी: लेकीच्या कार्डाच्या हिशेबात माझ्यापायी ‘अडल्ट कंटेंट’ अशी काही ओळ उमटली तर? उमटते की नाही हे पाहायची माझी छाती झाली नाही.

दुसरा मार्ग ओळखपत्राचा आणि स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो अॅपवर पाठवण्याचा. पासपोर्टचं पान कुठल्या कोण कंपनीला फोनवरून पाठवायला मन घेईना. तिसरा मार्ग दुकानात जाण्याचा, तो मला आपला वाटला. समोर माणूस असतो, कागद दाखवायचा, घरी यायचं. आयुष्यभर तेच केलं.

त्याआधी आणखी एक गंमत घडली. जावयांसाठी बाटली घ्यायला मी त्याच सुपरमार्केटात गेलो. तिथे ‘चॅलेंज 25’ असा रिवाज आहे: दारू घेणारा 25 च्या आतला वाटला तर ओळखपत्र मागायचं. आपलं आपण बिल करायच्या यंत्रावर बाटली धरल्याबरोबर लाल दिवा लागला. मदतनीस मुलीने लांबूनच माझ्या डोक्याकडे पाहिलं, बटण दाबलं, दिवा हिरवा झाला. पुरती मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत तिने. व्हिस्की विकत घ्यायला माझे पांढरे केस पुरले. ती कशी बनते हे वाचायला मात्र पासपोर्ट लागणार होता.

कंपनीच्या दुकानात गेलो, तर तिथला पोरगा म्हणाला की प्रीपेडचं काम ग्राहक सेवेच्या फोनवर होतं. फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर तिथली बाई म्हणाली, ओळखपत्र प्रत्यक्ष बघावं लागतं, दुकानात जा. मग शहरातल्या त्यांच्या मोठ्या दुकानात गेलो. रांगेत माझ्या मागे बाबागाडी घेतलेली एक आई, तिच्या मागे शाळेच्या गणवेशातली मुलं. काउंटरवर मला स्पष्ट, खणखणीत आवाजात सांगावं लागलं की माझ्या फोनवरचा प्रौढ मजकुराचा लॉक काढून हवा आहे. वर्गात शंभर पोरांपुढे बोललेला माणूस मी, पण तेवढं वाक्य बोलताना घसा सुकला. व्हिस्कीचं स्पष्टीकरण जोडायचा मोह झाला, आवरला. असं स्पष्टीकरण देणाऱ्यावर कोण विश्वास ठेवतं?

मला या सगळ्यात खरा आक्षेप आहे तो इथे. मुलांसाठी आडकाठी असावी, याबद्दल माझं दुमत नाही. मला नात आहे. पण सगळ्याला एकच लॉक आणि त्यावर एकच नाव. व्हिस्की वाचणारा आणि नागडी चित्रं बघणारा, दोघांना एकाच खिडकीत एकच वाक्य बोलावं लागतं. ज्याला खरोखर नाजूक काही वाचायचं आहे, व्यसनातून सुटण्याबद्दल किंवा स्वतःच्या शरीराबद्दल, आणि ज्याची साइट माझ्या साइटसारखी यंत्राच्या तावडीत सापडली आहे, तो या खिडकीशी येईलच असं नाही.

पोरगा सभ्य होता. पासपोर्ट उलटसुलट केला, जन्मतारीख शोधली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळून हसला. नोंद केली, पासपोर्ट परत दिला. प्रत काढली नाही, हे मला आवडलं. एखादा दिवस लागेल, मग फोन बंद करून चालू करा, म्हणाला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये साइट उघडली. तिच्याबरोबर उरलेलं सगळंही उघडलं, त्याला इलाज नाही. निदान माझ्या कंपनीत तरी मला हवी तेवढीच खिडकी किलकिली करण्याची सोय नव्हती.

साइट चुकीने अडवली असेल तर आधी कंपनीकडे तक्रार करता येते, आणि तिथे समाधान झालं नाही तर बीबीएफसीकडे. अशा अपिलांचे निकाल ती संस्था कारणांसह जाहीर करते. मी कंपनीला फिनॉलसकट सविस्तर पत्र लिहिलं. पोचल्याचं आपोआप उत्तर आलं. पुढे काय झालं हे माझ्याच फोनवर बघायची सोय राहिली नव्हती, कारण माझ्यासाठी आता सगळंच खुलं होतं.

एवढ्यात 25 जुलै 2025 उजाडली. ब्रिटनच्या 2023 च्या ऑनलाइन सेफ्टी अॅक्टमधलं वय पडताळणीचं कलम त्या दिवसापासून अमलात आलं. आता अश्लील मजकूर असणाऱ्या साइटनाच वय तपासणं सक्तीचं झालं, नाहीतर 1 कोटी 80 लाख पौंडांपर्यंत किंवा जगभरातल्या उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, यातला जो जास्त असेल तो दंड. चर्चेच्या मोठमोठ्या साइटही वय विचारू लागल्या. व्हिस्कीवाल्यांचा एक कट्टा मी वाचत असे, तिथेही एका संध्याकाळी प्रश्न आला आणि खाली पर्याय: चेहऱ्याचा फोटो, ओळखपत्र, क्रेडिट कार्ड, मोबाइल नंबर. मी नंबर दिला. कोड आला, टाकला, क्षणात आत. ना फोटो, ना जन्मतारीख.

“हे कसं काय?” मी जावयांना विचारलं. त्यांनी शोधून सांगितलं. नियामक संस्था ऑफकॉमने ज्या पद्धती चालतील म्हटलं आहे, त्यात ही एक आहे. वय तपासणारी कंपनी मोबाइल कंपनीला विचारते: या नंबरवर प्रौढ मजकुराचा लॉक आहे का? नसेल, तर त्या नंबरवाल्याने कधीतरी वय सिद्ध केलेलं आहे, म्हणजे तो प्रौढ. मी त्या रांगेत घसा सुकवून जे मिळवलं, ते माझ्या नंबरला दाखल्यासारखं चिकटून बसलं होतं.

परतायच्या आठवड्यात लेक म्हणाली, “बाबा, तुमच्या सिममध्ये पैसे शिल्लक आहेत, ते सिम हिच्या फोनमध्ये घालूया.” नात तेरा वर्षांची. मी सिम काढायला घेतलं आणि थांबलो. सिमबरोबर तो दाखलाही जाणार होता. नातीला समजावून सांगितलं, तर ती डोळे मोठे करून म्हणाली, “म्हणजे आजोबा, या नंबरवर मी सहासष्ट वर्षांची?”

लॉक परत लावायला दुकान लागलं नाही, पासपोर्टही लागला नाही. कंपनीच्या अॅपमध्ये एक बटण होतं, ते दाबलं. वय वाढवायला पुरावा लागतो, कमी करायला कुणी काही विचारत नाही. मात्र बटण दाबल्यावर लगेच काही होत नाही. जावयांनी वायफाय बंद करून खात्री करून घेतली, आणि ‘लॉक सुरू झाला’ असा मेसेज आल्यावरच सिम नातीच्या हातात दिलं.