मागच्या डाव्या चाकातला मुका सेन्सर

माझ्या आठ वर्षे जुन्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातील हवेचा दाब सांगणारा सेन्सर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बोलेनासा झाला आणि त्याचे खरे कारण हाती लागायला तीन आठवडे गेले. त्यातले दोन आठवडे एका चुकीच्या निष्कर्षामागे खर्च झाले, म्हणून तोच भाग सविस्तर लिहितो.

पहिली खूण डॅशबोर्डवरील पिवळ्या दिव्याची. हवा कमी झाली तर हा दिवा सरळ पेटून राहतो. यंत्रणेतच बिघाड असेल तर तो आधी सुमारे मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. माझा दिवा लुकलुकत होता. तीन चाकांचे आकडे दिसत होते आणि चौथ्याच्या जागी नुसत्या दोन रेघा होत्या. हाताच्या गेजने मोजल्यावर त्या चाकातही ३३ पीएसआय हवा व्यवस्थित निघाली.

एक गोष्ट मात्र मला सतत खटकत होती. सकाळी सहाला सोलापुरातून पुण्याच्या दिशेने निघालो, की सावळेश्वरचा टोलनाका ओलांडून मोहोळ येईपर्यंत त्या रेघा तशाच राहत आणि दुपारी परतताना उन्हात तोच सेन्सर अचूक आकडा देत असे. गार हवेत दाबाचा आकडा खाली येणे स्वाभाविक आहे, कारण तापमानातील साधारण सहा अंशांच्या फरकामागे एक पीएसआय कमीजास्त होतो. आकडाच नाहीसा होणे हा मात्र वेगळा प्रकार आहे.

आकडा चुकीचा येणे आणि आकडा न येणे यांत नेहमी फरक करावा, असे माझे मत आहे. पंक्चर बुजवणारे द्रव टायरमध्ये सोडले असेल, तर ते सेन्सरच्या बारीक छिद्रात बसू शकते आणि आकडा एकाच जागी अडकून राहतो. (ऑक्टोबर २०२० पासून आपल्याकडे ही दाबयंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचे किट असलेल्या कारना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही, त्यामुळे असे द्रव वापरण्याचे प्रसंग वाढणार, हे ध्यानात ठेवलेले बरे.) मी ते कधीच वापरलेले नव्हते. हे सेन्सर आपल्याकडे बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलतात आणि हलक्या प्रतीच्या मोबाइल चार्जरचा गोंगाट त्यात मिसळू शकतो, म्हणून चार्जर काढून पाहिला. काहीच बदलले नाही.

मग मी चाकांची अदलाबदल केली. मागचे डावे चाक पुढे डावीकडे आणि पुढचे मागे लावून मोहोळपर्यंत जाऊन आलो. रेघा मागच्या डाव्या जागेवरच राहिल्या. चाक बदलूनही दोष जागेवरच राहिला, म्हणजे सेन्सर ठीक असून त्याचे संदेश झेलणारा गाडीतील रिसीव्हर किंवा त्याची वायर खराब आहे, असे मी धरले आणि दोन आठवडे कनेक्टर साफ करण्यात घालवले.

चूक अशी होती, की माझ्या गाडीला चाकाची जागा ओळखताच येत नाही. तिच्याकडे फक्त चार ओळख क्रमांक साठवलेले आहेत आणि कोणत्या क्रमांकाचा आकडा कोठे दाखवायचा हे एकदा ठरवून दिलेले आहे. चाक कोठेही नेले तरी आकडा जुन्याच जागी उमटतो. हे ताडून पाहण्यासाठी मी मागे आणलेल्या चाकातील हवा मुद्दाम २८ पीएसआयपर्यंत उतरवली. थोडे अंतर चालवल्यावर २८ हा आकडा पुढच्या डाव्या जागी दिसला! म्हणजे मागून येणारा संदेश रिसीव्हरला नीट पोहोचत होता आणि मुका सेन्सर पुढे जाऊनही मुकाच होता. ही चाचणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

त्यानंतर १२५ किलोहर्ट्झच्या लहरीने सेन्सरला जागे करणारे हातातले यंत्र विकत घेतले. ते वॉल्व्हजवळ टायरच्या कडेला टेकवले, की सेन्सर आपला क्रमांक, दाब आणि तापमान कळवतो; काही सेन्सर बॅटरीची स्थितीही सांगतात. दुपारी त्या चाकाने उत्तर दिले: बॅटरी क्षीण. सकाळी उत्तरच आले नाही. दुपारी तो बोलत असतानाच त्याचा आठ अक्षरी क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि तोच क्रमांक नव्या सेन्सरमध्ये भरला, त्यामुळे गाडीला नव्याने काही शिकवावे लागले नाही.

टायर उतरवण्यासाठी होटगी रस्त्यावरच्या माझ्या नेहमीच्या दुकानात गेलो. तिथले काका म्हणाले, “मालक, आधी वॉल्व्हची जागा खडूनं खुणावून घेऊ.” टायरची रिमला घट्ट बसलेली कड (बीड) सोडवणारा दांडा त्या खुणेच्या बरोबर समोरच्या बाजूला लावला, म्हणजे सेन्सरवर दाब येत नाही. अॅल्युमिनियमच्या वॉल्व्हमध्ये निकेलचा मुलामा असलेली पिनच घातली, कारण साधी पितळी पीन त्यात गंजून धरून बसते. नट टॉर्क पान्याने, उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंतच आवळला आणि नंतर बॅलन्सिंग करून घेतले. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी वॉल्व्हला साबणाचे पाणी लावले. बुडबुडा आला नाही.

जुन्या सेन्सरवरील राळेचा थर घरी धारदार पात्याने हळूहळू खरवडून काढला. खाली नाण्याएवढा लिथियम सेल पत्र्याच्या पट्ट्यांनी जोडलेला होता. मल्टिमीटरवर तो २.८३ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे वरवर पाहता ठीकच होता. पण ३३० ओहमचा रोधक जोडताच २.३ वर आला आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर त्याच भाराखाली १.९ वर घसरला. पहाटेच्या मौनाचा उलगडा येथे झाला. सेल बदलून तोच सेन्सर पुन्हा बसवण्याचा विचार मी केला नाही; राळेचे ते आवरण घरी पूर्ववत होत नाही.

उरलेल्या तिन्ही सेन्सरचे वय तेवढेच असल्यामुळे त्यांचेही क्रमांक वहीत घेतले आहेत. काल सकाळी साडेसहाला यंत्र लावले तेव्हा दोघांनी लगेच उत्तर दिले, पुढच्या उजव्याने तिसऱ्या प्रयत्नात दिले. त्याच्यासाठी नवा सेन्सर मागवला आहे.