स्क्रीनवर थरथरतंय ते बोर्ड की स्कोप?

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं युनिट आहे. पाण्याच्या टाक्यांची पातळी मोजणारे अल्ट्रासॉनिक सेन्सर आम्ही जोडतो. 40 किलोहर्ट्झचा आवाज टाकीत सोडायचा, पाण्यावरून परतणारा प्रतिध्वनी पकडायचा आणि लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. एका लॉटचे आकडे मधूनच चार-साडेचार मिलिमीटरच्या उड्या मारायला लागले. प्रतिध्वनी डिजिटल ऑसिलोस्कोपवर (थोडक्यात स्कोप; विजेचा सिग्नल वेळेनुसार रेघेत दाखवणारं यंत्र) लावला, तर लहर आडवी थरथरत होती. आमच्यातले सगळ्यात जुने भाऊ लांबूनच कोंकणीत म्हणाले, "हालता तें बोर्ड काय स्कोप?" हे ठरल्याशिवाय सोल्डरिंग गन हातात घेण्यात अर्थ नव्हता.

आधी स्कोपलाच तपासायला घेतलं. क्रिस्टल ऑसिलेटरची 10 मेगाहर्ट्झची खडी एज, म्हणजे झटक्यात चढणारी कड, लावली, पर्सिस्टन्स इन्फिनिट केला (जुन्या रेघा पुसल्याच जात नाहीत) आणि टाइमबेस, म्हणजे आडव्या अक्षावरचा वेळ, अगदी आत नेला. रेघ जराशी जाड झाली, एवढंच. मग ट्रिगर, म्हणजे रेघ कुठल्या क्षणापासून मांडायची तो इशारा, चॅनलऐवजी एक्स्टर्नल इनपुटवरून घेतला, तर तीच एज नॅनोसेकंदभर रुंद पट्ट्यात पसरली. आमचा स्कोप सेकंदाला 1 गिगासॅम्पल घेतो, म्हणजे दर नॅनोसेकंदाला एक नमुना. सिग्नल काही स्कोपच्या घड्याळाला विचारून येत नाही. ट्रिगर दोन नमुन्यांच्या मध्ये कुठेही पडू शकतो. ट्रिगर चॅनलवरचा असेल तर स्कोप आजूबाजूच्या नमुन्यांवरून पातळी नेमकी कुठे ओलांडली याचा हिशेब करतो आणि चित्र तेवढं सरकवून मांडतो. एक्स्टर्नल वाटेवर नमुनेच नसतात, नुसता कम्पॅरेटर (पातळी ओलांडली की नाही एवढंच सांगणारं सर्किट) असतो, म्हणून एका नमुन्याएवढी अनिश्चितता उरते. (काही स्कोपमध्ये हे मधलं अंतर मोजायला वेगळं सर्किट असतं. आमच्यात नसावं.) दुसरा चॅनल चालू केल्यावर सॅम्पलिंग निम्मं झालं आणि पट्टा दोन नॅनोसेकंदांचा. हिशेब जुळला.

पण प्रतिध्वनीची थरथर दीडशे नॅनोसेकंदांच्या आसपास होती. ती नमुन्यांमुळे येणं शक्य नव्हतं.

इथे चढाचा हिशेब लागतो. मिरामारच्या सपाट किनाऱ्यावर पाणी वीतभर चढलं तरी काठ कितीतरी पुढे सरकतो. जेटीच्या उभ्या भिंतीवर तो जागचा हलत नाही. ट्रिगरच्या पातळीवर नॉइज, म्हणजे सिग्नलवरची नको असलेली खळबळ, आली की तसंच होतं. वेळेतला जिटर (थरथर) म्हणजे नॉइजचे व्होल्ट भागिले त्या जागी असलेला सिग्नलचा चढ. माझ्या लहरीचं शिखर 0.5 व्होल्ट होतं. 40 किलोहर्ट्झला तिचा सर्वांत खडा चढ, तोही शून्य ओलांडताना, मायक्रोसेकंदाला जेमतेम 0.126 व्होल्ट येतो. नॉइज 3 मिलिव्होल्ट आरएमएस (एक प्रकारची सरासरी) धरली तर 24 नॅनोसेकंद आरएमएस. पर्सिस्टन्स टोकाचे भटके ठिपकेही पुसत नाही, त्यामुळे डोळ्यांना याच्या सहापट रुंदी दिसते. म्हणजे दीडशेच्या घरात!

मग कामं सोपी होती. ट्रिगर लेव्हल मध्यापासून जराशी वर होती, तिथे चढ कमी होत जातो. ती मध्यावर आणली. 1 व्होल्ट प्रति डिव्हिजनवरून 200 मिलिव्होल्टवर आलो, कारण मोठ्या रेंजवर स्कोपची स्वतःची नॉइजही व्होल्टांत मोठी असते. प्रोबची लांब अर्थची वायर काढून टोकाची स्प्रिंग लावली. थरथर बरीच उतरली. एक फसवी गोष्ट सांगायलाच हवी: डिजिटल ट्रिगरमध्ये सगळ्या रेघा ट्रिगरच्या बिंदूतूनच ओवून काढलेल्या असतात, त्यामुळे नेमका तिथे जिटर दिसत नाही. तो पाहायचा असेल तर पुढच्या सायकलवर जायचं.

आता बोर्डाकडे. 30 अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे 349 मीटर जातो. जाऊन-येऊन धरलं तर दीडशे नॅनोसेकंद म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम अडतिसावा भाग. चार मिलिमीटरची उडी त्यातून निघणार कशी?

ट्रिगर प्रतिध्वनीवरून काढून मायक्रोकंट्रोलरच्या ट्रान्समिट पिनवर नेला. तिथली एज खडी. पाणी मीटरभर खाली, म्हणजे प्रतिध्वनी साधारण 5.7 मिलिसेकंदांनी. टाइमबेस नुसता लांबवला की मेमरी पुरवण्यासाठी स्कोप गुपचूप सॅम्पलिंग घटवतो, म्हणून डिले टाकून तेवढाच भाग उघडला. स्कोपचं घड्याळ 25 पीपीएमने (दहा लाखांत 25) चुकत असलं तरी इतक्या अंतरावर 143 नॅनोसेकंदांचा फरक पडतो, पण तो कायमचा फरक, थरथर नाही.

एका चॅनलवर ट्रान्समिट पिन, दुसऱ्यावर बोर्डाच्या कम्पॅरेटरचं आउटपुट. ते थरथरत नव्हतंच, सरळ 25 मायक्रोसेकंदांनी उडत होतं. म्हणजे 40 किलोहर्ट्झची बरोबर एक सायकल आणि पाण्याच्या पातळीत 4.4 मिलिमीटर. प्रतिध्वनी हळूहळू फुगत येतो. थ्रेशोल्ड, म्हणजे कम्पॅरेटरची ठरलेली पातळी, एका सायकलीच्या शिखराच्या अगदी काठावर पडला होता, त्यामुळे कधी अलीकडची सायकल पकडली जायची, कधी पलीकडची. ती पातळी ठरवणाऱ्या व्होल्टेज विभाजकातला एक रेझिस्टर बदलून थ्रेशोल्ड खाली आणला. रिकाम्या, शांत टाकीवर खोटा प्रतिध्वनी पकडला जात नाही ना, तेवढं बघून लॉट पुढे पाठवला.