मॉरिस मायनर आणि ग्रीसगन

बर्मिंगहॅमला आज ऊन होतं, त्यामुळे दुपारभर मॉरिस मायनर गाडीखाली आडवा होतो. पुढच्या चाकांच्या ट्रनियनना, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या आट्यांच्या सांध्यांना, ग्रीस भरलं. निपल (ग्रीस भरायचं तोंड) पुसून ग्रीसगन दाबत राहायचं. आधी काळंकुट्ट जुनं ग्रीस बाहेर येतं, मग स्वच्छ पिवळं. ते दिसेपर्यंत थांबायचं नाही. ही जागा कोरडी राहिली की आटे झिजतात आणि एक दिवस चाक निसटून गाडी नाकावर बसते.

अ‍ॅलेक इसिगोनिसने डिझाइन केलेली ही गाडी १९४८ साली आली, दहा लाख गाड्यांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार. तिला असं मोडू देणं मला सहन होणार नाही.

मग एसयू कंपनीचा कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग. डॅम्पर (पिस्टनची हालचाल मंद करणारा दांडा) काढून कार्बोरेटरचा पिस्टन उचलून सोडला, ‘टक्’ करून खाली बसला, म्हणजे कुठे अडकत नाही. काय बरं वाटलं! डॅशपॉटमध्ये, म्हणजे डॅम्पर बसतो त्या नळीत, तेल घातलं. पुढच्या रविवारी मागचे ब्रेक. कुणाला यायचं असेल तर जुने कपडे घालून या, चहा माझ्याकडे.